वाचकांचे प्रश्न: डंडीत आठ-दहा दिवस, पयापय न करता

मागच्या अंकात विदर्भातली पोरं शिकायला कुठंकुठं जातात त्याबद्दल लिहिताना स्कॉटलंडच्या डंडीचं नाव ओझरतं आलं होतं, अन् या महिन्यात निम्मी पत्रं त्याच गावाबद्दल. म्हणून या खेपेला बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आमी दर्यापूर तालुक्यातले शेतकरी. पोरगी डंडीले मास्टर्स करून राह्यली, ती म्हणते बाबा तुमी न् आई एकदा येऊन जा. अमरावतीच्या टूरवाल्याले विचारलं तर तो म्हणते नऊ दिवसात लंडन, एडिनबरा, ग्लासगो, इनव्हरनेस समदं दाखवतो, रोज सकाळी सहाले बसमधी बसाचं. मले ६२ वर्षं झाले, बायकोचे गुडघे दुखतात, आमाले अशी पयापय नाही पाह्यजे. नदीकाठी बसावं, हळूहळू गाव पाहावं, पोरीसंगं जेवावं, बस. एकाच गावात आठ-दहा दिवस राह्यलो तर बोर होईन काय? न् जावं कवा? — एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर: भाऊ, नाही होत बोर. पॅकेजवाले डंडीत सहसा थांबतच नाहीत, त्यामुळं गावात गर्दी नाही, आणि जे पाहाण्यासारखं आहे ते बरंचसं स्टेशनापासून पायी दहा-पंधरा मिनिटांत आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अजून काय पाह्यजे.

पहिले कधी जायचं ते. तिथला भर उन्हाळा जून ते ऑगस्ट, सगळे तेव्हाच जा म्हणतील, पण तेव्हा तुमची पेरणी, डवरणी, निंदण, वावर सोडून कोण जाते? म्हणून मे महिना. पऱ्हाटी उपटून झालेली, आपल्याकडं पारा ४५ला टेकलेला आणि तिथं दुपारी १४-१५ डिग्री. मेच्या शेवटी तिथं सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळते, जेवण करून फिरायला निघालं तरी उजेड असते. मृगाच्या आधी घरी परत. डिसेंबरात मात्र जाऊ नका, पोरगी कितीही म्हणो, दुपारी साडेतीनलाच दिवस बुडते आणि तुम्ही खोलीत बसून टीव्ही पाहाल, तो तर दर्यापुरातही आहे.

लंडन करायची गरज नाही. आखाती देशातून एडिनबराला थेट विमानं आहेत. एअरपोर्टवरून ट्रामनं हेमार्केट स्टेशन, तिथून डंडीची ट्रेन, सव्वा-दीड तास. गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा, हे मी मुद्दाम सांगते. आधी १८९० सालचा फोर्थ खाडीवरचा पोलादी पूल लागते, मग बराच वेळ समुद्र उजवीकडं, आणि शेवटी टे नदीचा पूल, तीन किलोमीटरच्या वर लांब. या पुलावर गाडी हळू चालते, तेव्हा खाली पाण्यात पाहा, शेजारी ओळीनं दगडविटांचे बुंधे उभे दिसतील. ते पहिल्या पुलाचे पाय. तो पूल १८७८ला सुरू झाला आणि २८ डिसेंबर १८७९च्या रात्री वादळात मधला भाग कोसळला, नेमकी वरून गाडी चाललेली, एकही माणूस वाचला नाही. इंजिन मात्र नदीतून काढलं, दुरुस्त केलं आणि परत कामाला लावलं! आत्ताचा पूल १८८७चा, जुन्याच्या बाजूलाच थोडा वरच्या अंगाला बांधलेला, म्हणून ते बुंधे इतके जवळून दिसतात.

आता नदी. टे ही स्कॉटलंडची सगळ्यात लांब नदी, १९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या वर्धेपुढं काहीच नाही, पण पाणी इतकं की अख्ख्या ब्रिटनमध्ये एवढं पाणी दुसरी कोणतीच नदी नेत नाही. डंडीपाशी ती समुद्राला मिळायला आलेली असते म्हणून पात्र दोन-तीन किलोमीटर रुंद आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. ओहोटीला रेल्वे पुलाच्या वरच्या बाजूला वाळूचे दांड उघडे पडतात, भरतीला तिथंच पाणीच पाणी. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, पोरीला मोबाईलवर वेळापत्रक काढून ठेवायला सांगा आणि नदीवर जायचा टाईम त्यावरून ठरवा, घड्याळावरून नाही. एकच जागा एकदा भरतीला न् एकदा ओहोटीला पाहा, मग कळते आठ दिवस काऊन लागतात ते. बसायला सगळ्यात चांगली जागा मॅग्डलेन ग्रीन, जुनं मैदान आहे, १८९०चा बँडस्टँड आहे, समोर पूल, पुलावर गाडी, बाकं आहेत. नदीचं पाणी तिथं खारट असते, पण घरातल्या नळाचं पाणी डोंगरातल्या तळ्यांचं, गोड आणि हलकं. तुम्ही खारपाणपट्ट्यातले, साबणाचा फेस पाहून वहिनींना हसू येईल.

पण तुम्ही शेतकरी आहात म्हणून मी म्हणते एक पूर्ण दिवस व्हरडंट वर्क्सला द्या. ही तागाची जुनी गिरणी, आता म्युझियम आहे. आपण धान्य ज्यात भरतो तो बारदाना, कापसाच्या गाठी पूर्वी ज्या तागाच्या कापडात बांधायचे ते, हे सगळं एके काळी डंडीत विणून जगभर जायचं. ताग यायचा बंगालमधून. तागाचा धागा कोरडा अन् ताठर असते, मशीनमध्ये तुटायचा, तर त्याला व्हेल माशाचं तेल अन् पाणी लावून नरम करायचे, आणि डंडीची माणसं आधीपासूनच व्हेलच्या शिकारीला जायची, म्हणून तेल दारातच. असं ते गाव वर आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली तेव्हा तिकडचा कापूस बंद पडला, आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला हे आपल्या जुन्या लोकांनी ऐकलेलं असते, तर त्याच चार वर्षांत डंडीच्या गिरण्याही तागावर गब्बर झाल्या. कामावर बहुतेक बाया न् पोरं, कारण मजुरी कमी द्यायची. माणसं घरी बसून चहाची केटली ठेवायची. मशीनचा आवाज इतका की बायांना ऐकू येणं कमी व्हायचं आणि त्या ओठ पाहून बोलायच्या. म्युझियममध्ये मशीन चालवून दाखवतात, तेव्हा अंदाज येते.

मग पुढं काय झालं? डंडीचीच मशिनरी घेऊन १८५५ला कलकत्त्याजवळ हुगळीकाठी रिश्र्याला गिरणी निघाली, डंडीचेच लोक तिथं मॅनेजर म्हणून गेले आणि १९व्या शतकाच्या शेवटाकडं कलकत्त्यानं डंडीला मागं टाकलं. कच्चा माल जिथं पिकते तिथं कारखाना लागला की असं होते. आपल्या कापसाचं हे कधी होणार तो विषय वेगळा, त्यावर मी इथं सुरू झाले तर संपादक पान कापतील.

बाकी गाव तुमच्या सोयीनं. नदीला लागून व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) डिझाईन म्युझियम आहे, लंडनच्या म्युझियमची लंडनबाहेरची पहिली शाखा, २०१८ला उघडली, जपानी आर्किटेक्ट केंगो कुमाची इमारत, बाहेरून समुद्रकाठच्या कड्यासारखी दिसते. आत जायला पैसे नाहीत, फक्त खास प्रदर्शनाला तिकीट. खरं सांगू का, मला आतल्यापेक्षा बाहेरून जास्त आवडली. शेजारीच डिस्कव्हरी जहाज उभं आहे, १९०१ला डंडीतच बांधलेलं लाकडी जहाज, यातूनच कॅप्टन स्कॉट न् शॅकलटन अंटार्क्टिकाला गेले. त्याला तिकीट आहे, हे जहाज न् ती तागगिरणी एकाच ट्रस्टची, जोड तिकीट मागा. जहाजावरचे जिने उभे असतात, वहिनींनी किनाऱ्यावरचं म्युझियम पाहावं आणि तुम्ही वर जाऊन यावं. मॅकमॅनस म्युझियम फुकट, तिथं १८८३ला टे नदीत शिरलेल्या व्हेलचा सांगाडा टांगलेला आहे, तो न् तागगिरणीतलं तेल डोक्यात जोडून पाहा.

लॉ नावाची टेकडी गावाच्या मधोमध, १७४ मीटर, जुन्या ज्वालामुखीची. चढू नका, टॅक्सी वरपर्यंत जाते, दोन्ही पूल अन् नदीपलीकडचा फाईफ परगणा दिसते. रोड ब्रिज १९६६चा, त्यावर गाड्यांच्या मधून पायवाट आहे, पण सव्वादोन किलोमीटर अन् वारा असा की टोपी गेली म्हणून समजा, थोडं जाऊन परत फिरलात तरी चालते. एक दिवस ब्रॉटी फेरीला जा, सिटी बस जाते, समुद्रकाठ आहे, १५व्या शतकाच्या शेवटचा छोटा किल्ला आहे, फुकट. तिथं हातात चिप्स घेऊन उभे राहू नका, सीगल पक्षी झडप घालून नेते, आपल्या देवळातल्या माकडांची सगळी विद्या त्याला येते.

रोज एकच ठिकाण करा. दुपारनंतर आराम, म्युझियमं तशीही पाचला बंद होतात आणि काही आठवड्यातून एखाद-दोन दिवस उघडतच नाहीत, वार आधी पाहून घ्या.

प्रश्न: ताई, माझा पुतण्या पण तिकडंच आहे. शेतीशिवाय उत्पन्न नाही, इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलंच नाही. व्हिसा देतील काय? — एक वाचक, ता. आर्णी

उत्तर: रिटर्न नाही म्हणून आपोआप नकार येत नाही, पण पैसा कुठून आला हे कागदावर स्पष्ट दिसलं पाह्यजे. सात-बारा, आठ-अ, बाजार समितीच्या अन् जिनिंगच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. शेतकऱ्याच्या खात्यात वर्षातून एक-दोनदाच मोठी रक्कम पडते, शहरातल्या पगारदारासारखी दर महिन्याला नाही, आणि तिकडच्या अधिकाऱ्याला हे माहीत असेलच असं नाही. म्हणून एक साधं पत्र जोडा, अमुक तारखेला इतके क्विंटल कापूस विकला, ही त्याची पावती, ही बँकेतली नोंद, शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडं इन्कम टॅक्स नाही. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागते, भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, पत्ता त्यावर हवा. तिकिटाआधी शेजाऱ्याकडून दोन लाख उसने घेऊन खात्यात टाकू नका, ते लगेच डोळ्यात भरते.

फॉर्म ऑनलाईन, जायच्या तीन महिने आधीपासून भरता येते, बोटांचे ठसे द्यायला मुंबई नाहीतर पुणे धरा. नंतर साधारण तीन आठवडे. पुतण्याचं बोलावण्याचं पत्र अन् त्याच्या तिथल्या परवान्याची कॉपी लावा. तो होस्टेलवर राहत असेल तर तुम्हाला तिथं ठेवता येईल असं धरून चालू नका, किचनवाला छोटा फ्लॅट घ्या.

प्रश्न: आम्ही माळकरी, अंडंसुद्धा नाही. दोघं नवरा-बायको लेकाकडे डंडीला जाणार. सासूबाई घरचं तूप आणि पेढे देतो म्हणतात. खायचं कसं? — एक ताई, ता. चिखली

उत्तर: ताई, तूप-पेढे घरीच ठेवा. भारतातून जाताना दूधदुभत्याचे अन् मांसाचे पदार्थ सोबत न्यायला तिथं बंदी आहे, त्यात तूप, खवा, पेढा सगळं आलं. सासूबाईंना समजावणं तुमच्याकडे. ज्वारीचं पीठ, तिखट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी न्या. डंडीत देशी किराणा मिळते, तूपही मिळते.

बाहेर खाताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, लेंटिल सूप. नाव मसुरीच्या डाळीचं, दिसायला आपलं वरण, पण स्कॉटलंडमध्ये ते पुष्कळदा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. उकडलेला-भाजलेला बटाटा न् वर बीन्स, हे बहुतेक ठिकाणी मिळते न् पोट भरते. डंडी केक प्रसिद्ध आहे, बेदाणे, संत्र्याची साल, वर बदाम, पण त्यात अंडं असते, म्हणजे तुम्हाला नाही.

प्रश्न: डंडी का पर्थ? पर्थ पण टे नदीवरच आहे न? — वाचक, ता. वरोरा

उत्तर: हो, नदीच्या वरच्या अंगाला, डंडीहून ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटं. मुक्काम डंडीत करा अन् पर्थला एक दिवस जाऊन या. नदी तिथं अरुंद अन् शांत, गावाला लागून दोन मोठी हिरवी मैदानं, नॉर्थ इंच न् साऊथ इंच. मार्च २०२४ला तिथं नवीन म्युझियम उघडलं, त्यात स्कॉटलंडच्या राजांना ज्या दगडावर बसवून राज्याभिषेक करायचे तो दगड आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं १२९६ला तो उचलून नेला, १९९६ला स्कॉटलंडला परत आला, सुरुवातीला एडिनबऱ्याला होता. दिसायला साधा वालुकाश्म, पण सातशे वर्षं भांडले त्याच्यासाठी.

प्रश्न: सिनियर सिटीझन सवलत मिळते काय? न् छत्री न्यावी काय? — वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर: ६० वर्षांवरच्यांना बस फुकट आहे, पण ती तिथल्या रहिवाशांना, आपल्याला नाही. ट्रेनचं सिनियर रेलकार्ड मात्र पाहुण्यालाही मिळते, वय साठच्या वर असलं अन् पासपोर्ट दाखवला की झालं, तिकिटात एक तृतीयांश सूट, दोन-तीन प्रवास करणार असाल तर वसूल होते. छत्री नका नेऊ, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. टोपीवालं वाऱ्या-पावसाचं जाकीट न्या, आत स्वेटर, मे महिना असला तरी.