घरी कामाला आलेल्या माणसांना चहा-पाणी, जेवण द्यायचं का? आणि कसं?

हो, द्यायचं. पाणी न विचारता, चहा विचारून, आणि जेवणाचं आदल्या दिवशीच बोलून ठेवायचं.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नवीन फ्लॅट घेतलाय, किचनचं काम चालू आहे, चार जण रोज येतात, आई फोनवर सांगते चहा देत जा आणि शेजारच्या काकू म्हणतात एकदा सवय लावलीस की रोज वाट बघतील आणि काम रेंगाळेल. चार ओळीत उत्तर संपलं असतं पण मला यावर जरा जास्त बोलायचंय, कारण २०१९ च्या पुरानंतर आमच्या घरात ऑगस्टच्या शेवटापासून थेट दिवाळीपर्यंत माणसं कामाला होती आणि त्या दोन महिन्यांत मला जे कळलं ते त्याआधी वीस वर्षं संसार करून कळलं नव्हतं.

आम्ही कोल्हापूरचे, घर पंचगंगेच्या अंगाला. त्या ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी आलं. आम्ही आठ दिवस एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर होतो. गावातले पाणी उपसायचे पंपच बुडालेले, त्यामुळे ज्यांच्या घरात पूर आला नाही त्यांच्याही नळाला पाणी नव्हतं, सगळं टँकरवर. त्या आठ दिवसांत आम्ही जे खाल्लं ते सगळं अनोळखी लोकांच्या हातचं. कुणी भाकरी आणल्या, कुणी मसालेभात, कुणी बिस्किटांचे बॉक्स. कोणी केलंय, कुठल्या घरातनं आलंय, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही, माझ्या सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि त्या फार कडक. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पाणी उतरल्यावर घरात वीतभर गाळ. आधी गाळ काढायला बिगारी आले, मग गवंडी, मग सुतार कारण दारं फुगून बसलेली, मग वायरमन, फरशीवाले, शेवटी पेंटर. गाळ काढणाऱ्यांत एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, मी त्यांना मावशी म्हणायचे. घमेल्यातनं गाळ उचलून बाहेर ट्रॅक्टरपर्यंत न्यायच्या, दिवसातनं किती खेपा झाल्या असतील देव जाणे. ऊन आणि दमट, उभं राहिलं तरी घाम. मी दर तासाला तांब्या घेऊन जायचे तर पुरुष सगळे घटाघटा प्यायचे आणि या म्हणायच्या, "नको ओ वैनी, तहान न्हाई." मला वाटायचं लाजतायत. दोनदा आग्रह केला तर नुसतं तोंड ओलं केलं. चहा पण नको. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या काम टाकून कुठंतरी गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या, मुकादम त्यांच्यावर ओरडला, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा मागचा संडास पहिल्याच दिवशी साफ करून घेतला होता, पण तो तुम्ही वापरा असं मी कुणाला म्हटलंच नव्हतं. पुरुष रिकाम्या प्लॉटात जाऊन यायचे. बाईनं काय करायचं? तिनं पाणीच प्यायचं नाही.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मावशी मागं संडास आहे, नळाला पाणी आलंय, कडी आतनं लागते. कडी आतनं लागते हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. त्या दुपारी त्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं, वर चहा मागून घेतला, अर्धा कप अजून आहे का म्हणून. दिवसभर पाणी न पिता असं राबणाऱ्या किती बायका असतील, लघवीची जळजळ अंगावर काढत असतील, आणि आपण आपलं म्हणतो मी विचारलं होतं, त्याच नको म्हणाल्या.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की चहाच्या आधी बाथरूम दाखवा. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, हे तुम्ही वापरायचं, इथं साबण आहे, हा टॉवेल. फ्लॅटमध्ये तर हे जास्तच लागतं, अकराव्या मजल्यावरून माणूस जाणार कुठं? दोन बाथरूम असतील तर एक त्यांना द्या, एकच असेल तर तेच द्या.

आता ग्लासचं सांगते. हे लिहायला मला अजूनही जड जातं.

आमच्याकडच्या स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली आहेत, कुणाच्या लग्नात आलेली, कुणाच्या बारशाची, तारखेसकट. एकाच ग्लासवर नाव नव्हतं. त्याच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका होता, शेंगदाण्याएवढा. तो सासूबाईंनी कधीतरी लावलेला, बाहेरच्या माणसांना पाणी द्यायचा ग्लास इतर ग्लासांत मिसळू नये म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो होता. मला माहीत होतं तो कशासाठी आहे. मी कधी वाद घातला नाही आणि त्यातनंच पाणी देत राहिले, खरं सांगायचं तर हात आपोआप त्याच ग्लासकडं जायचा. पुरात आमचं लाकडी कपाट गेलं, लग्नाचे फोटो गेले, मुलीची पुस्तकं गेली. तो ठिपका नाही गेला.

पेंटर मामा साठीच्या घरातले, शांत माणूस. शिडीवरून उतरले, मी पाणी दिलं, त्यांनी वरून ओतून सगळं प्यायलं आणि ग्लास उलटा करून उरलेले थेंब झटकले. बुडाचा ठिपका दिसला. रंगाचाच माणूस तो, त्यांना तो काय आहे हे सांगायला नको होतं. नख लावून बघितलं आणि विचारलं, "वैनी, ही खूण आमची व्हय?" आवाजात राग नव्हता. मी काहीतरी सांगू शकले असते, पुरात मिसळू नयेत म्हणून सगळ्या भांड्यांना खुणा केल्यात वगैरे. नाही सांगितलं. हो म्हटलं. ते म्हणाले, "आसू दे." मग खिशातला फडका काढला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला, तिथंच उकिडवं बसून तो ठिपका घासून काढला आणि ग्लास माझ्या हातात देत म्हणाले, दोनदा साबणानं धुवा, नाहीतर वास ऱ्हाईल.

मी आत जाऊन किती वेळ सिंकपाशी उभी होते. दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या वर्गात आम्ही कुणाकुणाच्या ताटात जेवलो होतो. आणि हे आमचं गाव कुठलं, तर शाहू महाराजांचं. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते, दलित असून पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला लावलं, आणि गाडी थांबवून तिथला चहा स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. ही गोष्ट आमच्याकडं शाळेतल्या पोराला विचारली तरी सांगेल. मलाही येत होती, दरवर्षी २६ जूनला महाराजांच्या जयंतीला ऐकलेली, आणि घरात ठिपक्याचा ग्लास. हॉटेलात जात बघून वेगळी कपबशी ठेवली तर अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, पण घरातली मांडणी बघायला कायदा येत नाही, ती आपणच बघायची.

तेव्हा कपांचं माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही ज्यातनं पिता त्यातनंच त्यांना द्या, घासायचे तर सगळेच आहेत. आता कोविडपासून बऱ्याच घरांत कागदी कप आलेत. पाहुणे आले तरी कागदीच देत असाल तर काही हरकत नाही, पण पाहुण्याला घरातला कप आणि फर्निचरवाल्याला कागदी, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळतं, फक्त सगळे जण पेंटर मामांसारखे विचारत नाहीत. एखादा स्वतःच म्हणाला की मला माझ्या बाटलीतलंच बरं, तर त्याला मात्र आग्रह नको.

देण्याची पद्धतही बघावी लागते. गवंड्याचे हात सिमेंटनं भरलेले असतात, सिमेंट कातडी खातं, त्या हातानं तो काचेचा गरम ग्लास कसा धरणार? आधी हात धुवायला पाणी आणि साबण, मग कानाचा कप, आणि तो हातात न कोंबता स्टुलावर ठेवायचा, माणूस हातातलं काम थांबवून घेईल. भिंतीवर सिमेंटचा मसाला मारलेला असताना चहा आणला तर एकतर चहा गार होतो नाहीतर मसाला सुकतो. म्हणून विचारायचं, मिस्त्री कधी आणू? तेच सांगतात, हा कोपरा मारतो मग आणा. आमच्याकडं फरशी कापताना इतकी धूळ उडायची की फरशीवाले चहाबरोबर गुळाचा खडा मागायचे, धुळीनं घसा धरला की गूळ खायचा ही त्यांची पद्धत. मग मी डबाच बाहेर ठेवला.

आमचं वायरिंग नेमकं नवरात्रात आलं. वायरमन पोरगा पंचविशीचा, अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास आणि पायात चप्पल नाही, आमच्याकडं खूप जण नवरात्रात अनवाणी असतात. पहिल्या दिवशी मी कौतुकानं पोहे घेऊन गेले, तो नुसता हसला आणि हेल्परकडं प्लेट सरकवली. दुसऱ्या दिवसापासून साबुदाण्याची खिचडी नाहीतर केळी. आणि ओल आलेल्या घरात अनवाणी वायरमन, माझा जीव वरखाली होत होता, शेवटी मी लाकडी पाट दिला आणि म्हटलं यावर उभं राहूनच बोर्डाला हात लावायचा, देवी रागवत नाही. त्यानं ऐकलं. तर उपवास, रोजा, कांदा-लसूण, हे आधी विचारून घ्यावं. तुमच्याकडचे परप्रांतातले असतील तर अजूनच. नाव विचारा आणि नावानं हाक मारा, चौघांनाही सरसकट भैया नको.

जेवणाचं म्हणाल तर रोज घालायलाच पाहिजे असं काही नाही. बहुतेकांचा डबा असतो आणि घरचं जेवण त्यांनाही प्यारं. पण डबा खायला जागा द्या, पंख्याखाली, सिमेंटच्या पोत्यावर किंवा जिन्यात नाही. डबा गरम करून देऊ का विचारा. ताक असेल तर ताक, लोणचं असेल तर लोणचं, आमच्याकडं हिरव्या मिरचीचा ठेचा रोज संपायचा. एखाद्या दिवशी तुम्हीच जेवण देणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, नाहीतर घरून आणलेला डबा तसाच परत जातो आणि बायको विचारते का खाल्लं नाही. स्लॅबच्या दिवशी मात्र सगळ्या गँगला जेवण, ती रीतच आहे, आणि वास्तुशांतीला या लोकांना बोलवून नारळ, टॉवेल-टोपी द्यायची हीपण. तुम्ही फ्लॅटवाले, स्लॅब नाही तुमच्याकडं, पण वास्तुशांत करणार असाल तर चौघांना विसरू नका. ओटा त्यांनी लावलाय.

शेजारच्या काकूंचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. वेळ ठरवली नाही तर चहा लांबतो. अकराला एक आणि चारला एक, ठरवून टाका, म्हणजे त्यांनाही कळतं आणि कुणी टपरीवर जात नाही. टपरीवर गेले की अर्धा तास गेलाच, तुमच्या घरातल्या चहाला दहा मिनिटं लागतात. आमचा अनुभव तरी असाच आहे. आणि चहाच्या बदल्यात मजुरीत घासाघीस करायची नाही, चहा पाजलाय म्हणून शंभर रुपये कमी घे, असं म्हणणारी माणसं मी बघितलीत. मजुरी मजुरीच्या जागी, ठरलेली, ठरलेल्या दिवशी.

तुम्ही एकट्या राहता असंही लिहिलंय आणि भीती वाटते म्हणता. ती वाटणं साहजिक आहे, त्यासाठी मन मारून गप्पा मारत बसायला नको. दार उघडं ठेवा, हॉलमध्ये स्टुलावर पाण्याचा जार आणि चार ग्लास झाकून ठेवा, चहा थर्मासमध्ये भरून कप शेजारी ठेवा आणि तुमच्या खोलीत तुमचं काम करत बसा. अर्ध्या तासासाठी येणारा आरओवाला किंवा गॅसवाला असेल तर एक ग्लास पाणी पुरे, दाराशी उभ्या उभ्या का होईना.

आणि चहात साखर किती ते प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, एकदम चौघांना नको, चौघांसमोर कुणी बोलत नाही. आमच्या सुताराला शुगर होती. मी पाच दिवस त्यांना दोन चमचे साखरेचा चहा दिला आणि तो त्यांनी मला वाईट वाटू नये म्हणून पाचही दिवस पूर्ण प्यायला, सहाव्या दिवशी त्यांचा मुलगा डबा घेऊन आला तेव्हा त्यानं सांगितलं.