वाचकांचे प्रश्न : कर्णबधिर नायिका आणि सात अभिप्राय

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका कर्णबधिर आहे. हस्तलिखित सात जणांना वाचायला दिलं. कुणाला ती चिडकी वाटली, कुणाला बिचारी. एक कर्णबधिर वाचक म्हणतात, तिला खुणांची भाषा यायलाच हवी; दुसऱ्या म्हणतात, ती येण्याचं कारणच नाही. सगळ्यांचं ऐकून बदल केले आणि नायिका पार बेचव झाली. आता काय करू?

उत्तर : पहिला मसुदा पुन्हा काढा आणि अभिप्रायांचे तीन ढीग करा : वस्तुस्थितीच्या चुका, न कळलेल्या जागा, आवडनिवड. चुका मुकाट्याने दुरुस्त करा. न कळलेल्या जागी वाचकाने सुचवलेला उपाय सोडून द्या, तो अडखळला कुठे तेवढंच पाहा. दोष पुष्कळदा दोन पानं आधी सापडतो. आवडनिवड बासनात गुंडाळा. ‘चिडकी’ हा शेरा तिथलाच. दिवसभर लोकांच्या ओठांवर नजर खिळवून थकलेली बाई संध्याकाळी चिडली तर चिडू द्या.

खुणांच्या भाषेचा वाद वेगळा आहे. नायिकेला कितव्या वर्षी ऐकू येईनासं झालं, हे बहुधा तुम्हीच पक्कं केलेलं नाही. जन्मापासून कर्णबधिर आणि तशाच मुलांच्या शाळेत वाढलेली असेल, तर खुणांची भाषा तिची पहिली भाषा असू शकते. ऐकणं तिशीत गेलं असेल, तर ती भाषा येईलच असं नाही. तुमच्या दोन्ही वाचक आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. वय, शाळा, घरात तिच्याशी कोण कसं बोलतं, श्रवणयंत्र कधी घालते नि कधी काढून ठेवते, हे एका कागदावर लिहून काढा. निम्मे वाद तिथेच मिटतील.

लिहिणाऱ्यांच्या पुष्कळ चुका होतात त्या ओठवाचन, म्हणजे ओठ बघून बोलणं ओळखणं, दाखवताना. ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’, ‘ग’ तर जिभेच्या मागच्या भागाने उच्चारले जातात, ते जवळपास दिसतच नाहीत. बाकीचं संदर्भावरून ताडावं लागतं. बोलणाऱ्याने मान वळवली किंवा त्याच्या पाठीमागून उजेड आला, की वाक्य हातचं गेलं. श्रवणयंत्राने गोंगाटही मोठा होतो. दहा जणांच्या पंगतीत कुणीतरी हसतं, ती वर बघते, तोवर बोलणारा बदललेला असतो. असा प्रसंग नीट लिहिलात, तर तिची बाजू मांडणारी भाषणं लागणार नाहीत.

नंतर साधारण त्याच वयात ऐकणं गेलेले दोन-तीन वाचक शोधा आणि त्यांना मोबदला द्या. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. ‘इथे ती कुठल्या खुर्चीवर बसली असती? कुठलं वाक्य तिला कळलंच नसतं?’ असं विचारा.

प्रश्न : माझ्या कथेतला लबाड माणूस अल्पसंख्य समाजातला आहे. समाजाची बदनामी होईल का?

उत्तर : कथेत त्या समाजाचा तो एकटाच असेल, तर धोका आहे, वाचक त्यालाच नमुना समजतो. त्याच समाजातली आणखी दोन तरी माणसं आणा, पण त्यांना कथेत स्वतःचं काम हवं. भरपाई म्हणून आणलेला सज्जन लगेच ओळखू येतो. मग लबाडाचं नाव बदलून प्रसंग वाचा. लबाडी तरीही पटली, तर ती त्याची स्वतःची आहे. नाव बदलताच प्रसंग ढासळला, तर तो पूर्वग्रहावर उभा होता. त्याची हाव, त्याचं कर्ज, त्याची भीती नव्याने लिहा. एवढं करूनही काही वाचक नाराज होतील. त्यांच्यासाठी कुणाच्या तोंडी खुलासा घालू नका.