वाचक विचारतात : मराठीत चुकत नाही, मग इंग्रजीत का अडतो?

प्रश्न : माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. बोलण्यात चुणचुणीत आहे, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण इंग्रजी वाचायला बसवले की पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतो. ‘बी’ आणि ‘डी’ अजूनही उलटे काढतो. मराठी वाचताना फारसा चुकत नाही, मात्र एका धड्याला अर्धा तास लागतो. बाई म्हणतात, लक्ष नाही. सासूबाई म्हणतात, डोळे तपासा. शेजारच्या वहिनी म्हणतात, मराठी माध्यमात घाला. काय करावे? (एक आई, लालबाग)

उत्तर : सासूबाईंचे आधी ऐका. डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या, कारण ऐकण्यातला थोडासा उणेपणाही वाचनात अडचण म्हणून दिसू शकतो. तपासणीत काही निघाले नाही, तर मात्र रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांच्या मागे लागू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी 2009 मध्ये संयुक्त निवेदन काढून, वाचनदोषावर (डिस्लेक्सियावर, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन जड जाण्यावर) या उपायांचा उपयोग होतो याला पुरेसा आधार नसल्याचे म्हटले आहे.

अक्षरे उलटी दिसतात म्हणून मूल अडते, ही समजूत फार जुनी आहे. ती कशी मोडीत निघाली हे सांगण्यासारखे आहे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रँक वेलुटिनो यांनी वाचनात अडखळणाऱ्या आणि नीट वाचणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरे क्षणभर दाखवून ती आठवणीने काढायला सांगितली. हिब्रू कोणालाच येत नव्हते, आणि दोन्ही गटांची कामगिरी सारखीच ठरली. दोष नजरेत असता, तर तो हिब्रूतही दिसायला हवा होता. अडचण आकार पाहण्यात नसून त्या आकाराला आवाज जोडण्यात होती. ‘बी’ आणि ‘डी’ची अदलाबदल सहा-सात वर्षांची पुष्कळ मुले करतात, आपल्याकडे ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात, आणि त्यांतली बहुतेक पुढे उत्तम वाचू लागतात.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे : मराठीत चुकत नाही, पण अर्धा तास लागतो. मराठी लेखन बव्हंशी उच्चारानुसार चालते. ‘का’ कुठेही आला तरी ‘का’च. इंग्रजीत ‘ए’ हे एकच अक्षर ‘कॅट’मध्ये एक आवाज देते, ‘केक’मध्ये दुसरा आणि ‘कार’मध्ये तिसरा. त्यामुळे ज्या मुलाला आवाज सुटे करणे जड जाते, ते इंग्रजीत चुकते आणि मराठीत रेंगाळते. जर्मन, इटालियन अशा उच्चारानुसारी भाषांतल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसले आहे की, तिथे अडचण चुकांपेक्षा मंद गतीतून ओळखता येते. 2001 मध्ये इंग्रज, फ्रेंच आणि इटालियन विद्यार्थ्यांच्या मेंदूचे चित्रण झाले, तेव्हा वाचनदोष असलेल्या तिन्ही देशांतील व्यक्तींच्या मेंदूत डाव्या बाजूच्या त्याच भागात सक्रियता कमी आढळली, तरी इटालियन मंडळी इतर दोघांपेक्षा बरी वाचत होती. मुळाशी अडचण एकच असली, तरी ती किती टोचते हे लिपी ठरवते.

याच्या पुढच्या टोकाचेही एक उदाहरण आहे. घरी इंग्रजी बोलणारा आणि जपानमध्ये वाढलेला एक मुलगा इंग्रजी वाचनात गंभीरपणे अडत होता, पण जपानी मात्र समवयस्कांच्या बरोबरीने वाचत होता. त्याच्याविषयीचा शोधनिबंध 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. हे उदाहरण पालकांना मोठा दिलासा देते. तरीही तुमच्या मुलाच्या बाबतीत मी त्यावर विसंबणार नाही, कारण त्याचा मराठीचा वेगही कमी आहे.

घरी दोन गोष्टी करून पाहा. त्याला विचारा, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘मळ’ असे तो बहुधा सांगेल, कारण इथे आख्खे अक्षर उचलायचे आहे. मग तोंडीच विचारा, ‘स्टॉप’मधला पहिला आवाज काढला तर? इथे ‘टॉप’ असे उत्तर यायला अक्षराच्या पोटातला आवाज सुटा करावा लागतो, आणि इंग्रजी वाचनाला नेमके हेच कौशल्य लागते. दुसरी गोष्ट अर्थ नसलेल्या शब्दांची. ‘टमोकी’, ‘पिरगुडा’ असे शब्द कागदावर लिहून वाचायला द्या. पाठ झालेले शब्द मूल चेहऱ्यावरून ओळखते, पण बनावट शब्द फोडूनच वाचावा लागतो. मराठीत वाचताना कान देऊन ऐका : तो ‘सूर्य’च्या रफारापाशी थबकतो का, ‘किल्ला’ वाचताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर असा गोंधळ होतो का? पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. देवनागरीचा हा खोडसाळपणा चांगल्या वाचकांचाही वेग किंचित कमी करतो. या खेळांतून निदान होत नाही, पण तज्ज्ञांसमोर नेमके काय सांगायचे ते तुम्हाला कळेल.

माध्यमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. घरात मराठी असलेल्या मुलाने मराठीत शिकावे असे मला वाटते, पण माध्यम बदलणे हा वाचनदोषावरचा इलाज नव्हे. आधी दोन्ही भाषांत तपासणी व्हायला हवी. केवळ इंग्रजी चाचणीवरून निष्कर्ष काढला, तर अडचण वाचनाची आहे की भाषा कमी कानावर पडल्याची, हे उलगडत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. तपासणाऱ्यांना तिच्याविषयी जरूर विचारा.

प्रश्न : नातीच्या शाळेत संशोधन करणाऱ्या दोन मुली आल्या होत्या. त्यांनी मण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या, मग एक ओळ पसरवली आणि ‘कुठल्या ओळीत जास्त?’ असे विचारले. नातीने लांब ओळ दाखवली. तिला सहावे वर्ष आहे. ती मागे आहे का? आणि मुलांवर असे प्रयोग करू द्यावेत का? (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर : नात मुळीच मागे नाही. हा प्रयोग स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या परंपरेतला आहे आणि त्या वयाची असंख्य मुले तिच्यासारखेच उत्तर देतात. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी यात एक गमतीचा बदल केला. ओळ मोठ्या माणसाने न पसरवता एका खोडकर टेडी अस्वलाने ‘विसकटली’, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी ‘दोन्ही सारख्याच’ असे बरोबर उत्तर दिले. ताईंनी मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे काहीतरी बदलले असणार, असा तर्क मूल करते. आपल्याकडे मोठ्यांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पहिले उत्तर चुकले असे समजण्याची सवय मुलांना किती पक्की असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अशा अभ्यासांत एका मुलाचे उत्तर पाहिले जात नाही, शेकडो उत्तरांचा कल पाहिला जातो. त्यामुळे संशोधनातील चाचणीला तपासणीचा निकाल समजू नये, आणि संशोधकांनीही तसे भासवू नये. संमतीचे म्हणाल, तर पालकांची लेखी संमती आवश्यक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. तुमची नात त्याहून लहान आहे, तरी ती नको म्हणाली तर तिथेच थांबले पाहिजे. शाळेने सही घेतली होती का, कागदावर काय लिहिले होते, हे मुख्याध्यापकांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अधिकार बजावा आणि मग शक्यतो परवानगी द्या. मराठी मुले मराठी कशी वाचतात, याविषयीचे आपले ज्ञान इंग्रजीच्या मानाने तुटपुंजे आहे, आणि ते गिरगावातल्या मुलांना विचारल्याशिवाय वाढणार नाही.

प्रश्न : अध्ययन अक्षमतेचे (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचणीचे) प्रमाणपत्र मुंबईत कुठे मिळते? ते घेतल्याने मुलीवर कायमचा शिक्का बसेल का? (एक वडील, चेंबूर)

उत्तर : तुम्हाला शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय जवळ पडेल, तिथे यासाठी स्वतंत्र विभाग आहे. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून तपासणी करतात आणि त्यासाठी अनेक खेपा घालाव्या लागतात, तेव्हा दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नका. मूल साधारण आठ वर्षांचे किंवा तिसरीत होईपर्यंत निश्चित निदान सहसा करत नाहीत.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागणे म्हणजे कोणाचे उपकार घेणे नव्हे. शिक्क्याचे म्हणाल, तर ‘आळशी’ हा शिक्का बहुधा तिच्यावर आधीच बसलेला असेल. मात्र प्रमाणपत्र सवलत देते, वाचायला शिकवत नाही. विशेष शिक्षकाकडे नियमित शिकवणी त्यासोबतच सुरू करा. रुग्णालयात जाताना मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि वह्या न्या, आणि त्यांत वर्गात घाईघाईने लिहिलेली वही असू द्या, घरी शेजारी बसून लिहून घेतलेली नको.