वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा मासा

प्रश्न : माझ्याकडे ८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत क्लाउनफिशची जोडी आणि थोडे प्रवाळ आहे. आता क्रॉफर्ड मार्केटमधून फायरफिश आणायचा विचार आहे. पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवून मासा सोडला, तर चालेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : पिशवी तरंगत ठेवल्याने केवळ तापमान जुळते, क्षारता जुळत नाही आणि रोग तर मुळीच अडत नाही. म्हणून नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य टाकीत आधी काही आठवडे मुरवलेला (म्हणजे पाणी शुद्ध करणारे जिवाणू वाढू दिलेला) स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा एवढ्यावर वेगळी छोटी टाकी उभी राहते. तीत मासा चार ते सहा आठवडे ठेवावा. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीमुळे अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात, मात्र तो काही दिवसांनी मासा सोडून तळाशी कवचात दडतो, त्यामुळे ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे समजू नये. शिवाय त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळाला मारक असल्याने मुख्य टाकीत वापरताच येत नाही.

पिशवीतील पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने तपासून छोट्या टाकीत तेवढीच ठेवावी आणि पुढे काही दिवसांत हळूहळू मुख्य टाकीइतकी वाढवावी. पिशवीतले पाणी मात्र कोणत्याही टाकीत ओतू नये.

फायरफिश घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, तेव्हा दोन्ही टाक्यांवर जाळीचे झाकण हवेच. खरेदीपूर्वी दुकानदाराला मासा खाताना दाखवायला सांगावे.