हिटलरला पहिल्या महायुद्धात नेमकी कुठे जखम झाली? तो लग्नाविना राहिला तो त्यामुळेच का?

जखम डाव्या मांडीला झाली. ऑक्टोबर १९१६, सोमची लढाई. हिटलर बव्हेरियन पलटणीत निरोप्या होता. निरोप्यांच्या खंदकाशी तोफगोळा फुटला आणि तुकडा मांडीत घुसला. बर्लिनजवळ बेलिट्झच्या लष्करी इस्पितळात जवळपास दोन महिने काढून तो मार्च १९१७ मध्ये पलटणीत परतला.

लढाईत हिटलरचं एक वृषण गेलं, अशी एक अफवा आहे. ती ब्रिटिश सैनिकांच्या चावट गाण्याने जगभर नेली. (स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्याबद्दलही हेच बोलत. त्यालाही १९१६ मध्येच, मोरोक्कोत, पोटात गोळी लागली होती. पुढे १९२६ मध्ये त्याला मुलगी झाली.)

पण अफवेला थोडा आधार आहे. सत्ता बळकावण्याचं १९२३ चं बंड फसल्यावर हिटलरला लँड्सबर्गच्या तुरुंगात दाखल करताना डॉक्टरने लिहून ठेवलंय: माणूस निरोगी, धट्टाकट्टा, उजवं वृषण न उतरलेलं. हे कागद २०१० मध्ये लिलावात आले, बव्हेरिया सरकारने जप्त केले आणि २०१५ मध्ये ते छापून आले.

न उतरलेलं म्हणजे जन्मापासूनचं. गर्भात वृषणं पोटात तयार होतात आणि शेवटच्या महिन्यांत जांघेतून पिशवीत उतरतात. एखादं वाटेत अडकलं तर तपासताना पिशवीची ती बाजू रिकामी लागते, व्रण मात्र नसतो. तोफगोळ्याने गेलं असतं तर व्रण राहिला असता. हल्ली मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत वाट बघतात, नाहीच उतरलं तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करतात. दुसरं वृषण धड असेल तर शरीरसंबंधात सहसा काही अडत नाही.

हिटलरच्या प्रेताच्या सोव्हिएत शवविच्छेदनाच्या अहवालात डावं वृषण नव्हतं म्हटलंय. म्हणजे बाजूच उलटी! शिवाय प्रेत पेट्रोल ओतून जाळलेलं, आणि अहवाल बाहेर आला १९६८ मध्ये. मी तुरुंगाच्या नोंदीवर भिस्त ठेवेन. तिथे निदान जिवंत माणूस तपासला होता.

लग्न टाळण्यामागे राजकारण होतं. सगळं आयुष्य जर्मनीला वाहिलेला नेता, ही प्रतिमा त्याला जपायची होती. एफा ब्राउनशी ओळख १९२९ पासूनची, ती म्युनिकमध्ये त्याच्या छायाचित्रकाराकडे नोकरीला होती. पण सामान्य जर्मनांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. लग्न लागलं थेट २९ एप्रिल १९४५ ला, बर्लिनमधल्या भुयारी बंकरमध्ये. लग्नाचा तो कागद टिकलाय. सही करताना तिने सवयीने ब्राउनचा ‘बी’ काढला, तो खोडला आणि पुढे ‘हिटलर’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी आत्महत्या केली.