'ब्लॅक पँथर' हा सुपरहिरो चित्रपट पाहून कृष्णवर्णीय प्रेक्षक इतके भारावून का गेले?

कारण तोवर हॉलिवूडमध्ये त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा गुलाम, गुंड किंवा नायकाचा मित्र हेच यायचं. २०१८ मध्ये दिग्दर्शक रायन कूगलरने त्यांना वकांडा दाखवला: कधीच कुणाची वसाहत न झालेला, विज्ञानात जगाच्या पुढे असलेला आफ्रिकी देश. काल्पनिक का असेना, पण आपला! लोक सणाला जावं तसे नटूनथटून, आफ्रिकी पोशाख घालून थिएटरात गेले. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांना हा चित्रपट पाहता यावा म्हणून वर्गणी जमवली गेली.

मला सगळ्यात भिडला तो ओकोयेचा प्रसंग. मुंडण केलेली ही वकांडाची सेनापती वेषांतरासाठी घातलेल्या विगला वैतागलेली असते. मारामारीत तोच विग उपटून ती शत्रूच्या तोंडावर फेकते. नैसर्गिक केसांवरून ज्यांनी आयुष्यभर टोमणे ऐकलेत, त्या बायकांना यात काय दिसलं असेल हे वेगळं सांगायला नको.

शिवाय पात्रांच्या तोंडी दक्षिण आफ्रिकेतली खरीखुरी खोसा भाषा आहे. टीकाही झाली, विशेषतः खलनायक किलमाँगरवरून: अन्यायाविरुद्ध पेटून उठलेला अमेरिकी कृष्णवर्णीय तरुणच खलनायक का? हा आक्षेप मला रास्त वाटतो, कारण त्याचा राग खरा आहे.