मेंडोलिन ऑर्केस्ट्रात नव्याने बसताना

सुरुवातीला सेकंड मेंडोलिनचीच, म्हणजे दुसऱ्या गटाचीच, जागा मागून घ्या. वरच्या पडद्यांवरची धावपळ बहुतेक फर्स्टकडे, म्हणजे पहिल्या गटाकडे असते. तालमीला 20 मिनिटं आधी पोचा, कारण 8 तारा लावायच्या आहेत: जी, डी, ए, ई अशा सुरांच्या 4 जोड्या. जोडीतली एक तार बोटाने गप्प करून दुसरी ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघून लावा, मग पहिली तिच्याशी कानाने जुळवा. सूर चढला तर तार सुराच्या खाली उतरवून पुन्हा खालून वर आणा. नाहीतर खुंटीतला ढिलेपणा थोड्याच वेळात सूर पाडतो. तारा बदलताना एकेक बदला. ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) चिकटवलेला नसतो. सगळ्या एकदम काढल्यात तर तो सरकतो आणि 12व्या पडद्यावर सूर चुकतो. ट्रेमोलो (एकच सूर भरभर छेडत राहणं) मनगटातून करा, कोपरातून केलात तर दुसऱ्या पानावरच हात आखडेल. कंडक्टरने थांबायची खूण केली की तारांवर लगेच तळवा ठेवा, सुराची लांबलेली शेपटी फार वाईट ऐकू येते.